पुण्यात एकटीने चार दिवस: गाडी नाही, काय बघू आणि कसं फिरू?

अकोला_एक्सप्रेस:

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात चार दिवस एकटीने फिरायचं आहे. गुरुवारी सकाळी सातच्या सुमारास पुणे स्टेशनला उतरेन, रविवारी रात्री नऊनंतर परतीची रेल्वे आहे. स्वतःचं वाहन नाही. स्कूटर चालवता येते, पण पुण्याच्या रहदारीत ती घालावी का, याची खात्री नाही.

यादी अशी: शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस, सिंहगड, कार्ला-भाजे, लोहगड, जेजुरी, आळंदी, आणि जमलं तर शिवनेरी आणि महाबळेश्वर. गड चढायची सवय नाही, रोज तासभर चालते मात्र. टूर कंपनीबरोबर जायचं नाही. क्रम कसा लावू, कशाने जाऊ, आणि यातलं काय सोडून देऊ?

नागझरी:

आधी यादीला कात्री. महाबळेश्वर पुण्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, शिवनेरी म्हणजे जुन्नर पंचाण्णवच्या आसपास, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध टोकाला. एसटीने जाऊन एका दिवसात परत येता येतं, पण सगळा दिवस खिडकीतच संपतो. दोन्ही पुढच्या खेपेला.

उरलेलं दिशेप्रमाणे वाटून घ्या, एका दिवशी एकच दिशा. सकाळी सिंहगड आणि संध्याकाळी आगाखान असं कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात शहर आडवं ओलांडायलाच दीड-दोन तास जातात. दुसरं, दिवस परतीच्या गाडीपासून उलटा मोजत आखायचा. चौघं असतील तर गाडी चुकल्यावर रिक्षा वाटून घेता येते, एकट्याला ती सबंध अंगावर पडते. म्हणून कुठेही पोचलात की आधी परतीची शेवटची गाडी विचारायची, मग बघायला निघायचं.

गुरुवार पेठांचा ठेवा, सगळं पायी. मुक्कामाच्या ठिकाणी दुपारपर्यंत खोली देत नाहीत, पण बॅग बहुतेक ठेवून घेतात. नाहीतर स्टेशनवरचं क्लोकरूम आहे. तिथे बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, तेव्हा छोटं कुलूप घरूनच आणा. कुलपाशिवायची बॅग घेत नाहीत.

स्टेशनहून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथे गाडी बदलून स्वारगेटकडे जाणाऱ्या मार्गावरचं पुढचंच स्थानक कसबा पेठ. बदलायला सात-आठ मिनिटं धरा, कारण एक मार्ग पुलावर आहे आणि दुसरा जमिनीखाली तीसेक मीटर खोल. सरकते जिने संपता संपत नाहीत.

वर आलात की पहिल्यांदा त्रिशुंड गणपती करा, सोमवार पेठेत, कमला नेहरू रुग्णालयाजवळ. बाहेरून आलेले बहुतेक लोक हे चुकवतात आणि शनिवारवाड्यावर दोन तास घालवतात. गोसाव्यांनी अठराव्या शतकात बांधलेलं काळ्या दगडाचं देऊळ आहे. मूर्ती तीन सोंडांची आणि मोरावर बसलेली. ती शेंदराखाली असते, म्हणून सोंडा मोजायला जरा वेळ लागतो. खरी गंमत दर्शनी भिंतीवर. दाराच्या बाजूंना खालच्या पट्टीत बघा: टोपीवाले शिपाई एका गेंड्याला साखळदंड घालताना कोरलेत. पुण्यातल्या देवळावर गेंडा आणि गोरा शिपाई! गाभाऱ्याच्या भिंतीवर संस्कृतबरोबर फारसी शिलालेखही आहे. सकाळचं तिरपं ऊन असलं की कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी सगळं सपाट होतं.

तिथून कसबा गणपती, मग लाल महाल, मग शनिवारवाडा. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, वीस-पंचवीस रुपयांचं. दारावरचा क्यूआर स्कॅन करून काढलं तर रांग टळते. आत वाडा उभा असेल अशा अपेक्षेने जाऊ नका. १७३० मध्ये पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत आतलं लाकूडकाम गेलं. आता जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ. बघायचं ते दिल्ली दरवाजाचं दार. हत्तीच्या कपाळाच्या उंचीला लोखंडी सुळे ठोकलेत, आणि त्याच दारात एक दिंडी आहे, इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत शिरता येत नाही. वाकलेल्या माणसाची मान पहारेकऱ्यासमोर येते, हिशोब सरळ आहे. नंतर जिन्याने नगारखान्याकडे चढा आणि तटावरून चालत फेरी मारा. तासाभरात आटपतं.

पुढे दगडूशेठ, समोरच भिडे वाड्याची जागा (१८४८ मधली मुलींची शाळा, जुनी इमारत २०२३ मध्ये पाडली, तिथे स्मारक होणार आहे), मग तुळशीबाग आणि बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, १८०७ च्या सुमाराचा. दुरुस्ती चालू असेल तर आत सोडत नाहीत, पण रस्त्यावरून दिसणारा सज्जा आणि सुरूच्या आकाराचे खांब बघितले तरी पुष्कळ.

केळकर संग्रहालय शेवटी ठेवू नका. साडेपाचला बंद होतं आणि आत दोन तास कमीच पडतात, म्हणून तीनच्या आत शिरा. शस्त्रं आणि मस्तानी महालापाशी सगळे थांबतात. तुम्ही अडकित्ते, दौती, दिवे आणि वज्ऱ्या बघा. पाय घासायच्या वज्रीवर कुणीतरी मोर आणि हत्ती घडवत बसलं होतं, हे बघायला दुसरीकडे कुठे मिळत नाही. फोटोचे पैसे वेगळे.

मध्ये जेवायला टिळक रस्त्यावरची बादशाही. एकट्या माणसाला थाळी मिळते, कोणी वळून बघत नाही. मस्तानी (आइस्क्रीम घातलेलं दाट दूध) प्यायची तर ती जेवणानंतर नको, जेवणाच्या ऐवजी.

शुक्रवारी कार्ला-भाजे, शनिवारी सिंहगड, रविवारी आगाखान. जेजुरी आणि लोहगड यातलं एक सोडावं लागेल.

रूळावरून:

नागझरींचं सगळं मान्य, फक्त शुक्रवार-शनिवारची अदलाबदल करा. शनिवार-रविवारी खडकवासल्यापासून डोणज्यापर्यंत सिंहगडाचा रस्ता तुंबतो आणि पीएमपीची, म्हणजे शहराची, बस त्याच रस्त्याने जाते. लोणावळ्याकडे तुम्ही लोकलने जाणार आहात. शनिवारी रस्ते तुंबतात, रूळ तुंबत नाहीत. म्हणून शुक्रवारी सिंहगड, शनिवारी मळवली.

आता मळवलीचं नीट सांगतो, कारण गोंधळ तिथेच होतो.

पुणे-लोणावळा लोकल पुणे स्टेशन किंवा शिवाजीनगरहून. तिकीट वीस रुपयांच्या आत. रेल्वेच्या ॲपवर काढणार असाल तर स्टेशनात शिरायच्या आधी काढा. रुळांच्या अगदी जवळ उभं राहून काढू देत नाही, मग तिथला क्यूआर शोधत फिरावं लागतं. उतरायचं मळवलीला. कामशेतनंतरचं स्थानक, लोणावळ्याच्या आधीचं. एक्सप्रेस गाड्या इथे थांबत नाहीत, त्यामुळे ‘लोणावळ्याला जाणारी कुठलीही गाडी’ पकडून चालत नाही.

मुख्य अडचण दुपारची. सकाळच्या गाड्या संपल्या की मधले बरेच तास लोकलच नसते. सकाळी लवकर जाऊन ‘एक वाजता परत निघू’ असा बेत केला तर फलाटावर बसून राहाल. म्हणून साडेसहा-सातच्या आसपासची लोकल धरा आणि परत येणं सरळ दुपारनंतरचं ठरवा. वेळापत्रक बदलत असतं, आदल्या रात्री ॲपवर बघून घ्या आणि परतीच्या दोन गाड्या लिहून ठेवा, एक ठरवलेली आणि एक चुकली तर.

मळवलीला उतरलात की भाजे गावाची दिशा विचारा. वाटेत द्रुतगती महामार्ग पुलावरून ओलांडावा लागतो. अर्ध्या तासाच्या आत लेण्यांच्या पायऱ्या येतात. तिकीट खालीच. भाजे आधी, कार्ले नंतर, याचं कारण ऊन आणि गर्दी दोन्ही: भाज्याला सकाळी जवळपास शुकशुकाट असतो.

भाज्याचं चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह) इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकातलं. उभे राहून खांब नीट बघा, सगळे आत झुकलेले आहेत. लाकडी बांधकामात छताचा भार पेलायला खांब कललेले ठेवायचे. इथे भार सगळा डोंगराचा, खांबांची गरज नाही, तरी सवय सुटली नाही. वर कमानीला सागवानी फासळ्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. नंतर उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला, शेवटपर्यंत चाला. चौदा स्तूपांचा गट लागतो आणि त्याही पुढे विहाराच्या (भिक्षूंच्या निवासाच्या) ओसरीत रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं. तिथेच तबल्यासारखी वाद्यं वाजवणारी बाई आहे. बरेच जण चैत्यगृह बघून परत फिरतात आणि हे राहून जातं.

कार्ले रुळांच्या पलीकडे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्याही पलीकडे. चालत जाता येतं पण रस्ता रहदारीचा आणि कंटाळवाणा आहे; मळवलीहून रिक्षा करा, भाडं आधी ठरवा, मीटर चालत नाही. एकवीरेच्या पायऱ्या चढून वर गेलं की देऊळ आणि लेणं शेजारी शेजारी. शनिवारी देवीच्या दर्शनाची रांग लांब असते, लेण्याचं तिकीट वेगळ्या खिडकीवर मिळतं. रांगेत चुकून उभ्या राहू नका.

कार्ल्याचं चैत्यगृह देशातलं सर्वांत मोठं, लांबी सुमारे ४५ मीटर. तोंड पश्चिमेला असल्यामुळे दुपारी तीननंतर मोठ्या कमानीतून ऊन आत शिरतं आणि खांबांवरच्या हत्तींच्या जोड्या उजळतात. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरली आहेत, धेनुकाकट गावचे यवनही (म्हणजे ग्रीक) त्यात आहेत. स्तूपावरची लाकडी छत्री बघायला विसरू नका, दार ओलांडलं की लगेच वर नजर जात नाही.

लोहगड याच दिवशी कोंबायचा असेल तर कार्ले सोडावं लागेल. भाजे लेणी बघून त्याच बाजूने रस्ता लोहगडवाडीला जातो, गायमुख खिंडीपर्यंत दीड-दोन तासांची चढण. गडावर पायऱ्या चांगल्या आहेत आणि गणेश, नारायण, हनुमान, महा असे एकामागून एक चार दरवाजे सलग वळणांवर. विंचूकाट्यापर्यंत (गडाची सोंडेसारखी पुढे गेलेली माची) जाऊन परत यायला दोन तास. शेजारचा विसापूर एकटीने नको. वरचं पठार अवाढव्य, वाटा फुटलेल्या, आणि नाळेतली वाट मोठमोठ्या दगडांची आहे. पाय मुरगळला तर हाक ऐकायला कोणी नसतं.

घसारा:

सिंहगडाचं.

शनिवारवाडा आणि स्वारगेटहून ५० नंबरची बस ‘सिंहगड पायथा’ पाटीची. पीएमपीच्या ‘आपली पीएमपीएमएल’ ॲपवर बस कुठे पोचली ते दिसतं आणि तिकीटही निघतं. सकाळी सहाच्या आसपासची धरली तर सव्वा ते दीड तासात आतकरवाडी. कंडक्टरला चढतानाच सांगा की पायवाटेच्या पायथ्याला उतरायचंय. गाड्या वर जातात तो घाटरस्ता डोणज्याच्या गोळेवाडी नाक्यावरून वेगळा फुटतो. चालायचं नसेल तर तिथून वर जायला जीप मिळतात, पण जीप भरल्याशिवाय सुटत नाही. शुक्रवारी सकाळी एकट्या माणसाला ताटकळत बसावं लागेल.

आतकरवाडीहून चढण पावणेतीन किलोमीटरची. रोज तासभर चालणाऱ्याला दीड तास. वाट मळलेली, चुकायचा प्रश्न नाही, आणि पहाटेपासून पुणेकर रोजचा व्यायाम म्हणून चढत असतात, त्यामुळे एकटं वाटत नाही. वाटेत ताक-लिंबूसरबतवाले असतात, तरी दोन लिटर पाणी पाठीवर असू द्या. नोव्हेंबरअखेर पहाटे थंडी लागते आणि नऊनंतर ऊन चावतं. डोक्याला टोपी किंवा ओढणी.

चढताना कोणी पडत नाही, पडतात ते उतरताना. पावसाळा संपल्यावर वाटेवरची माती वाळून वर बारीक खडी राहते. तिच्यावर गुळगुळीत तळव्याचा बूट ठेवला की पाय निसटतो. खाचांचे तळवे हवेत, चप्पल-सँडल नको. पाऊल आडवं टाकायचं, गुडघा थोडा वाकवून, आणि आधारासाठी वाळलेलं गवत धरायचं नाही, ते हातात उपटून येतं.

वर पुणे दरवाजातून शिरलात की आधी कल्याण दरवाजाकडे जा, कारण तो लांब आहे आणि गर्दी तिकडे उशिरा पोचते. मग तानाजींची समाधी (लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची), राजाराम महाराजांची समाधी, देवटाके, टिळकांचा बंगला. सगळं निवांत अडीच तासांत. देवटाक्याचं पाणी थंडगार असतं, पण बाटलीत भरायच्या आधी लोक काय करताहेत ते बघा.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अंगाला अत्तर, तीव्र वासाचं तेल-स्प्रे नको, कड्याजवळ धूर-सिगारेट कोणी करत असेल तर तिथून बाजूला व्हा. माश्या उठल्याच तर हात झाडायचे नाहीत, तोंड-डोकं झाकून आडोशाला जायचं.

पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि मडक्यातलं दही. भाकरी समोर थापून देतील तिथेच बसा, आधी करून ठेवलेली टोपलीतली वातड होते. एका माणसाला एक थाळी जास्त होते, दोन भाकऱ्या आणि पिठलं सांगितलं तरी चालतं. दर आधी विचारा. रोख ठेवा, वर मोबाइलला रेंज नसली की यूपीआय चालत नाही.

बारा-साडेबाराला उतरायला लागा, म्हणजे दोनच्या आसपास पायथ्याची बस. संध्याकाळपर्यंत थांबायचा मोह नको. सूर्यास्त सहाच्या आसपास होतो, आणि झाडीत अंधार त्याच्याही आधी.

एक बारकावा: २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे, सिंहगड नाही. गावातले निम्मे लोक उलटं सांगतील. आणि कोणी ‘सिंहगड काय, राजगडच करा’ म्हणालं तर ऐकून सोडून द्या. गुंजवण्याला एसटीच्या फेऱ्या मोजक्या, चढ दमवणारा, चोर दरवाजाच्या वाटेवर रेलिंग धरून कातळ चढावा लागतो. पहिला गड म्हणून, एकटीने, आणि त्याच दिवशी परत, हे तिन्ही एकत्र नको.

अकोला_एक्सप्रेस:

खूप उपयोग होतोय, आभार. शुक्रवार सिंहगड, शनिवार भाजे-कार्ले पक्कं. तीन गोष्टी राहिल्या. स्कूटर भाड्याने घ्यावी का? जेजुरी पूर्ण सोडू की रविवारी सकाळी जमेल? आणि बाई एकटी म्हणून राहायला कुठला भाग बरा, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहणं ठीक?

सम_विषम:

स्कूटर पेठांसाठी अजिबात नको. लक्ष्मी रस्ता एकेरी, फर्ग्युसन रस्ता एका दिशेला आणि जंगली महाराज रस्ता दुसऱ्या, एक वळण चुकलं की दोन किलोमीटरचा फेरा. शिवाय पार्किंग. पी-१ पाटी असलेल्या बाजूला विषम तारखेला लावायची, पी-२ ला सम तारखेला. बाहेरचा माणूस रिकामी जागा दिसली म्हणून लावतो आणि परत येतो तेव्हा गाडी टेम्पोवर चढलेली असते.

सिंहगडासाठी मात्र स्कूटर सोयीची आहे. घेतलीत तर काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, तीच भाड्याने द्यायला परवानगी असलेली गाडी. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण अपघात झाला की विमा हात वर करतो. निघण्याआधी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, ओरखड्यांसकट, दुकानदाराच्या देखत. अनामत परत घेताना तोच उपयोगी पडतो. मूळ लायसन्स ठेवून घ्यायचा आग्रह धरला तर दुसरं दुकान. रस्त्यात पोलिसांनी मागितलं तर दाखवणार काय? घाटात उतरताना गाडी बंद करून सोडू नका, ब्रेक तापतात.

रिक्षा मीटरनेच. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरला १७. त्यात वाढ झाली असेल तर दरपत्रक मागायचं. मध्यरात्रीनंतर पंचवीस टक्के जास्त. ‘तिकडून रिकामं यावं लागतं’ हे वाक्य ऐकलं की पुढची रिक्षा.

कऱ्हेकाठ:

जेजुरी रविवारी नको. रविवार खंडोबाचा वार, गडावर पाय ठेवायला जागा नसते. आणि तुम्ही येताय तो काळ मार्गशीर्षाच्या तोंडावरचा. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत चंपाषष्ठीचा उत्सव असतो, आधी पंचांग बघा. आळंदीचंही तेच: कार्तिकी एकादशी आणि त्यानंतर वद्य त्रयोदशीचा समाधी सोहळा. त्या दिवसांत बाहेरची वाहनं गावाबाहेर अडवतात, पीएमपीच्या बसही लांब थांबतात.

तारखा टळत असतील आणि सिंहगड नको झाला तर जेजुरी शुक्रवारी करा. स्वारगेटहून सासवडमार्गे एसटी, दीड ते दोन तास, दिवेघाटात अडकलात तर जास्त. गावातून पायऱ्या, वाटेत दीपमाळा. भंडारा उधळतात, तो कुणाला विचारून उधळत नाहीत. हलक्या रंगाचे चांगले कपडे घालू नका, हळदीचा डाग साबणाने आणखी लाल होतो. आधी कोरडाच झटकायचा, मग धुवायचा. मोबाइल झिपच्या पिशवीत. वर कोणी पुढे येऊन ‘तळी भरून देतो’ म्हणालं तर दक्षिणा आधी विचारा. कडेपठार हा जुना गड आणखी वर आहे, तिथे एकटीने जायचं तर सकाळीच.

निळा_डबा:

राहायला डेक्कन, नळस्टॉप, शिवाजीनगर हा पट्टा. मेट्रो हाताशी, रात्री दहापर्यंत रस्ते भरलेले, खाण्याच्या जागा चालू. कोरेगाव पार्क आणि विमाननगरला हॉस्टेल आहेत, बायकांची वेगळी डॉर्मिटरीही मिळते, पण तिथून स्वारगेटची पहाटेची बस गाठणं जिकिरीचं. स्टेशनसमोरचे आणि स्वारगेटचे लॉज फक्त स्वस्त म्हणून घेऊ नका. काही ठिकाणी एकट्या व्यक्तीला आयत्या वेळी खोली नाकारतात, तेव्हा बुकिंग केल्यावर फोन करून ‘एकच व्यक्ती, महिला, आधार कार्ड दाखवेन’ एवढं कबूल करून घ्या.

मेट्रो रात्री अकराच्या सुमारापर्यंत असते. पेठांत, डेक्कनवर दहापर्यंत काही काळजी नाही. टेकड्या मात्र वेगळ्या. वेताळ टेकडी, तळजाई सुंदर आहेत, पण उजाडल्यावर आणि लोक फिरतात त्याच वाटांवर. अंधार पडल्यावर नको. बोपदेव घाटाचंही तसंच.

एसटी स्टँडवर एक पथ्य पाळा. फलाटावर लागलेल्या आणि कंडक्टर असलेल्याच गाडीत चढा. कोणी चांगल्या शब्दांत ‘ताई, तुमची गाडी तिकडे लावलीये’ म्हणून आवाराच्या कोपऱ्यात न्यायला लागलं तर जायचं नाही, चौकशी खिडकीवर जाऊन विचारायचं. एसटीत महिलांना तिकीट निम्मं आहे, कंडक्टर आपणहून देतो. पीएमपीत ती सवलत नाही. शिवाजीनगरचं एसटी स्टँड २०१९ च्या अखेरपासून वाकडेवाडीला आहे, जुन्या जागी जाऊ नका. लोकलला महिलांचा डबा आहे, पण शनिवारी दुपारी तो रिकामा असला तर सरळ गर्दीच्या साध्या डब्यात बसा. मदतीला ११२, रेल्वेत १३९.

बसल्या जागी घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवता येतं, पण सिंहगडाच्या घळीत आणि भाज्याला रेंज तुटते. ‘दोनपर्यंत फोन आला नाही तर काळजी करा’ अशी वेळ सांगून ठेवलेली जास्त कामाची.

नागझरी:

अदलाबदल मान्य, रूळवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे.

रविवारचं सांगून टाकतो. खोली सोडून बॅग स्टेशनच्या क्लोकरूमला टाका, मग मेट्रोने कल्याणीनगर. तिथून आगाखान पॅलेस रिक्षाने पाच मिनिटं किंवा चालत. मेट्रो त्याच्या समोरून जायची होती. वारसा वास्तू म्हणून मार्ग कल्याणीनगरमधून वळवला, म्हणून हे चालणं. नऊ ते साडेपाच उघडं. १८९२ ची इमारत. ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ गांधीजी इथे कैदेत होते. महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ ला आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला इथेच गेल्या. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला, बागेच्या टोकाला आहेत. दर्शनी खोल्या बघून माघारी फिरू नका.

दुपारी कॅम्प: दगडी-विटांचं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे लाल देऊळ, १८६७ चं. आत जायला आधी परवानगी लागते, बाहेरून मनोरा दिसतो. वेळ उरला तर वानवडीची शिंदे छत्री, महादजी शिंद्यांची. आत फोटो काढू देत नाहीत, बाहेरून काढा.

पाताळेश्वर शुक्रवारी सिंहगडाहून परतताना जंगली महाराज रस्त्यावर उतरून करा. आठव्या शतकातलं लेणं, फुकट, रस्त्यापासून खाली खोदलेलं. समोरचा गोल नंदीमंडप सबंध एकाच कातळातून कोरलाय, आणि मागे अर्धवट सोडलेल्या खोल्यांत छिन्नीचे घाव तसेच दिसतात.

साडेसातपर्यंत स्टेशनवर या, क्लोकरूमला संध्याकाळी रांग असते. आणि आत्ताच तिकीट काढून बघा: काही गाड्या पुण्याऐवजी हडपसर किंवा खडकीहून सुटतात. हडपसर असेल तर बॅग पुणे स्टेशनला ठेवू नका.